न बसलेला चटका

तव्यावर टम्म फुगलेली भाकरी कौशल्याबाईंनी नुसत्या बोटांनी उचलली आणि टोपलीत टाकली. मी नेहमीसारखा म्हणालो, "वा बाई! हात आहे का लोखंड?" त्या हसल्या. ताटात भाकरी वाढताना मात्र मला त्यांच्या करंगळीवरचा फुटलेला फोड दिसला.

"हे कधी भाजलं?"

त्यांनी हात वळवून बघितला. "अगं बया! भाजलं व्हय? मला तर कळलंच न्हाय."

माझा घास हातातच राहिला. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ. गावोगाव फिरून लोकांची कातडी आणि नसा तपासायच्या, ही माझी नोकरी. येरमाळ्याला ड्यूटी असली की दुपारचं जेवण बाईंच्या खानावळीत. कित्येक महिने मी त्याच हाताचं कौतुक करत होतो. गाढव कुठला!

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. बॉलपेनचं टोक हळूच टेकवायचं आणि त्यांनी जागा दाखवायची. अंगठा बरोबर. तर्जनी बरोबर. करंगळीवर टेकवलं, त्या गप्प. पुन्हा टेकवलं.

"करा की सुरू," त्या म्हणाल्या.

कोपर आपटलं की जिथून झिणझिण्या येतात, तिथली नस चाचपली. सुतळीसारखी जाड. दंडावर फिकट चट्टाही होता.

नस म्हणजे पुष्कळ तंतूंची जुडी. स्पर्श कळवणारी चेतापेशी राहते पाठीच्या कण्याशेजारी, आणि तिचा तंतू थेट करंगळीच्या टोकापर्यंत पोचतो. त्या तंतूभोवती बसून त्याला जपणाऱ्या पेशी वेगळ्या. त्यांना श्वान पेशी म्हणतात. ते शास्त्रज्ञाचं नाव आहे, कुत्र्याचा संबंध नाही. कुष्ठरोगाचे जंतू नेमके याच पेशींत घर करतात.

बाईंना हे असं सांगून भागणार नव्हतं. म्हणालो, "विहिरीवरची मोटार चांगली, लाईटही आहे, पण मधल्या वायरचं रबर उंदरानं कुरतडलं तर?"

"मोटार बंद."

"तुमच्या हातात तेच झालंय."

"मग उंदीर मारा की!"

"तो गोळ्यांनी मरतो. रबरही पुन्हा धरतं, वेळेत आलात तर. पण मूळ चेतापेशीच मेली तर दुसरी उगवत नाही. कधीपासून बधिर आहे?"

"येडाईच्या यात्रेपासनं."

म्हणजे चार महिने. सहा महिन्यांच्या आत असलं तर आशा असते. मग मी रोगाचं नाव सांगितलं. बाईंनी माझ्या ताटाकडं बघितलं.

"साहेब, माझ्या हातचं आता कोण खाईल? चूल बंद पडंल माझी."

मी ताटातली भाकरी मोडून तोंडात घातली. "हा जेवणातून पसरत नाही. आणि माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही."

धाराशिवला डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. बारा महिने गोळ्या, नसेची सूज उतरायला वेगळं औषध. मी एक अट घातली, भाकरीला उलथणं वापरायचं. त्यावर मात्र बाई तापल्या.

"उलथणं नवशिकी पोरगी धरती! लोक हसतील."

"हसू द्या. बोटं तरी राहतील."

दर महिन्याला मी पेन टेकवायचो. करंगळी गप्पच. तोंडानं धीर द्यायचो, पण मनातून हादरलो होतो. वाहवा करण्याऐवजी तेव्हाच एक प्रश्न विचारला असता तर?

सातव्या महिन्यात मी जेवत होतो. बाईंनी जुन्या सवयीनं तव्यावर हात घातला आणि किंचाळल्या, "आई गं!" भाकरी जमिनीवर. करंगळी तोंडात घालून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी.

"साहेब, चटका बसला!"

मी म्हणालो, "मग उलथणं घ्या."

टोकाचं पेर अजून बधिर आहे, ते बहुतेक तसंच राहील. मी मात्र एक शिकलो. भाकरीवाल्या हाताची तारीफ करायच्या आधी विचारतो, चटका बसतो ना?

घरीही विचारलं. बायको तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "बसतो. तीस वर्षांत आज विचारलंत."