लांबड्यासाठी कौल

क्रिकेट चालू असताना मध्ये बोललेलं मला खपत नाही. रूपालीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे लग्नानंतर लगेच कळलं आणि मॅच असली की ती सरळ शेजारी जाऊन बसते. आवडीआत्याला मात्र हे सांगायची घरात कोणाची छाती नव्हती, माझीही नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे एसटी आली तर आली, अशा वाडीत राहते. नवरा मुंबईला कँटीनमध्ये होता, शिमगा-गणपतीला यायचा. तो वारला. मुलगा मंगेश मोठा झाला आणि विरारला गेला. आत्या भात, नाचणी, दोन म्हशी आणि स्वतःची जीभ यांच्या जोरावर वाडीतच राहिली. गेल्या कार्तिकात गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना बांधावरून तिचा पाय निसटला आणि कंबरेच्या मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी पट्टा बांधला, वाकायचं नाही, उचलायचं नाही, म्हणून बजावलं. म्हशी शेजाऱ्यांकडे सोडून आत्या महाडला माझ्याकडे आली.

मंगेशने फोनवरच निकाल लावून टाकला. शिमग्याला येतो आणि आईला कायमची विरारला नेतो, वाडीचं घर बंद. आत्या "बरं" म्हणाली. जन्मात तिने कोणाला एका शब्दात उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं, म्हणून मला भीतीच वाटली.

थंडीत ऑस्ट्रेलियातल्या कसोट्या आपल्याकडे पहाटे सुरू होतात. मी त्यासाठी उठतो. कोर्टात कारकुनी करणाऱ्या माणसाला तेवढंच सुख. आत्या तर कोंबड्याच्याही आधी जागी. चहाचा कप घेऊन, पट्टा आवळून ती खुर्चीत ताठ बसायची. आणि विचारायची.

"हा लांबडा एवढा मागं कशाला जातो रे? इथनंच टाकायचा ना बॉल."

"धावत आलं की वेग येतो."

"मग येतो का?"

प्रश्न बोचरा होता. लांबडा म्हणजे नील हॅलिगन, ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज, अंगाने ताडमाड, पण फास्ट नव्हे, फास्ट-मीडियम. हे आत्याला कसं सांगावं? म्हटलं, ना धड एक्सप्रेस, ना धड बैलगाडी.

"म्हंजे आमची वस्तीची एसटी," आत्या म्हणाली. तिचं समाधान झालं आणि माझा एक चेंडू बघायचा राहिला.

पुढे प्रश्नांना ऊतच आला. लांबडा टोपी ज्या म्हाताऱ्याकडे देतो तो कोण, मामा लागतो का? बॉल मांडीला पुसतो तर घरी बायको काही बोलत नाही? त्याला शेती आहे का? पहिले दोन-चार दिवस मी वसकन अंगावर जायचो. मग माझं मलाच आश्चर्य वाटायला लागलं, की इतकी वर्षं बघतोय आणि या माणसाबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही. मोबाइलवर शोधलं. बाप गहू पिकवणारा. पोरगा आधी शेतांना तारेची कुंपणं घालायच्या कामावर. तिशीला आला तेव्हा कुठे संघात नाव लागलं, त्यातही बऱ्याच वेळा बारावा.

"बारावा म्हंजे?"

"बाकीच्यांना पाणी नेऊन द्यायचं."

"एवढा बाप्या, आणि पाणी वाटीत होता?" आत्याने कप खालीच ठेवला.

पण तिचा लांबड्यावर खरा जीव जडला तो वाऱ्यामुळे. त्या मैदानावर एका बाजूने सोसाट्याचा वारा येत होता आणि लांबडा त्याच्या तोंडावर धावत होता. आत्याने कारण विचारलं. मी सांगितलं, जे खरे फास्ट असतात त्यांना वारा पाठीशी लागतो, मग उरलेली बाजू याला.

"भात वारवताना असंच असतं. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहिलं की सगळा कोंडा डोळ्यात. तिथं नव्या सुनेला उभी करतात. सासूला सगळं ठावं असतं, पन बोलत नाय."

त्याच मॅचमध्ये चेंडू टाकून झाल्यावर लांबडा घसरून गुडघ्यांवर आपटला. पांढऱ्या पँटीला हिरवा डाग. उठला, हसला, आणि पुढच्याच चेंडूवर समोरच्याची दांडी उडवली. आत्याने टाळी वाजवली आणि कंबरेतून कळ गेली म्हणून मलाच शिवी घातली.

पुढच्या कसोटीत लांबडा धावत आला, चेंडू टाकला आणि तिथेच थांबला. हात मागे कंबरेवर. म्हाताऱ्याने परत दिलेली टोपी हातातून खाली पडली, ती उचलायला त्याला वाकता येईना. आत्याचा हात आपोआप स्वतःच्या पट्ट्यावर गेला.

"तिथंच. भरत, बघ, तिथंच धरलंय त्याने."

संध्याकाळी बातमी आली, मणक्याला चीर. वय चौतीस, पुन्हा खेळेल असं कोणी छातीठोक सांगत नव्हतं. मी वाचून दाखवलं. आत्या त्या रात्री जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

त्यानंतर मॅच असो नसो, सकाळी पहिला प्रश्न "लांबड्याचं काय?" रविवारी मी तिला जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर नेत होतो. अंगावर पाणी घेताना तिने विचारलं, त्याच्या मुलखात असं पाणी आहे का? मी म्हटलं, असेल. "मग त्याला कळवायला पायजे," ती म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती.

माघात लुगडी आणायला म्हणून तिला वाडीवर नेलं. घराआधी तिने गाडी देवळाशी थांबवायला लावली. तिथला गुरव सोनबा, तिच्याच वयाचा. आत्या म्हणाली, कौल लावायचाय. आमच्याकडे रिवाज असा, की गुरव गाऱ्हाणं घालतो, देवीच्या अंगावर भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. पण गाऱ्हाण्यात नाव, गाव, कूळ सांगावं लागतं, नाहीतर देवीला माणूस कळायचा कसा?

"एक जण हाय. कंबर मोडलीय. परत उभा ऱ्हाईल का, एवढं इचार."

"नाव?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून हॅलिगन म्हणालो. सोनबाने ते दोनदा म्हणून बघितलं, मग म्हणाला, "कूळ?"

गव्हाच्या शेतकऱ्याचं कूळ मोबाइलवर मिळत नाही.

"माझ्या घरचा समज नि घाल," आत्या म्हणाली. "माझ्याच उंबऱ्याचं नाव घे."

सोनबाने तिच्या घराण्याचं गाऱ्हाणं घातलं. आम्ही उभे. आत्याचे ओठ हलत होते. उजवी पाकळी पडली. परतीच्या वाटेवर ती गुणगुणत होती. एवढी खूश मी तिला अपघातानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

आठवड्याभरात एका सकाळी मी आंघोळ करत होतो आणि बाहेरून आरोळी आली, "आला! भरत, लांबडा आला!" मी टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण तसाच, बाहेर धावलो. टीव्हीवर हॅलिगन धावत येत होता. आत्याने रूपालीला हाका मारल्या, शेजारणीला बोलावलं, देवीला हात जोडले. मला एका नजरेत कळलं, जुनी मॅच पुन्हा दाखवतायत. हे कसं सांगावं या विचारात मी साबण डोळ्यांत जाऊ दिला.

पण आत्याच हळूहळू गप्प झाली. पुढे वाकता येत नव्हतं, तरी मान पुढे काढून बघत राहिली.

"आता हा घसरंल," ती म्हणाली.

लांबडा घसरला. गुडघ्यांवर पडला, हसला.

"आता दांडी."

दांडी उडाली. आत्याने रिमोट शोधून टीव्ही बंद केला. तिला तो बंद करता येतो हे मला माहीत नव्हतं. दुपारी बघतो तर ती लुगड्यांच्या घड्या करून पिशवीत भरत होती. "विरारला थंडी असते का रे?" एवढंच तिने विचारलं.

शिमग्याच्या तोंडावर खरी बातमी आली. हॅलिगनने खेळ सोडला. आत्याने सोनबाला फोन लावायला सांगितलं आणि देवीसकट त्याला फैलावर घेतलं: उजवा दिलास, नि तो तर उठलाच नाय! सोनबाचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"आवडे, गाऱ्हाणं मी कोणाच्या घराचं घातलं? तुझ्या. त्या घरात कंबर कोणाची मोडलीय? आपली देवी काय ऑस्ट्रेलियाला जाते?"

आत्याने फोन मांडीवर ठेवला.

"माझं इचारायला भ्याले रे मी. डावा पडला असता तर कुठं जाणार होते?" आणि ती रडली. नवरा गेला तेव्हाही जिला मी रडताना पाहिलं नव्हतं ती माझी आत्या, पदर तोंडाशी धरून. मी चहा करायला उठलो.

कप हातात घेताना तिने विचारलं, "लांबड्याला काढला, का तो थांबला?"

मी पुन्हा बातमी वाचली. "स्वतःच थांबला. आता बापाबरोबर शेतावर असतो."

ती चहा सगळा प्यायली.

होळी झाली आणि मंगेश मित्राची गाडी घेऊन आला. पिशव्या ठेवल्या. आत्या पुढच्या सीटवर बसली, मी निरोप द्यायला खिडकीशी उभा.

"आई, टेन्शन नको घेऊ. तिकडे लिफ्ट हाय, दवाखाना बाजूलाच. सब सेट हाय."

"मंगेशा, लांबड्याला कोणी काढला नाय. तो त्याचा थांबला."

"कोण लांबडा?" मंगेशने माझ्याकडे बघितलं.

"म्हशी मी देऊन टाकते. खालचं शेत सोनबा अर्धेलीने करंल. भारा पुन्हा उचलायची नाय, देवीशपथ. एवढं मी थांबले. बाकीचं कधी थांबायचं ते मी सांगेन. तू मला काढू नको."

"आणि परत पडलीस तर?"

"तर पडेन. पन माझ्या बांधावर पडेन, तुझ्या लिफ्टमधे नाय."

मंगेशने गाडी चालू केली. आईकडे त्याने बघितलं नाही. मग माझ्या बाजूला वाकून विचारलं, "भरतदादा, वाडीच्या वाटेवर पोलादपूरच्या पंपावर आता पेट्रोल मिळेल ना?"