हातावरचं दही

मुलगी आज नव्या नोकरीसाठी ग्लासगोला निघाली, म्हणून फ्रिजमधून दही काढलं. त्या आंबट वासासरशी मी लीड्समधल्या आईच्या किचनमध्ये जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी एका अमेरिकन रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. अमेरिकेत शिकताना कॉलेजच्या लाँड्रीरूममध्ये आम्ही चौघांनी तो सुरू केला होता. रेकॉर्ड निघाली, नाव झालं, आणि गायक कोडी नि गिटारिस्ट वेस एकमेकांशी बोलेनासे झाले. व्हॅनमध्ये मी दोघांच्या मधे बसून इकडचे निरोप तिकडे सांगायचे. ब्रिटनच्या टूरवर व्हॅन आमच्या दारात थांबली, तेव्हा मी ठरवलं होतं, आईला सांगायचं की मी आता यांच्याबरोबर जात नाही.

मी तोंड उघडणार, इतक्यात आई दह्याची वाटी घेऊन आली. ती हॉस्पिटलात नर्स होती, आणि वॉर्डमधल्या सगळ्या नर्सेसना तिने आमची रेकॉर्ड ऐकवली होती. तिने आधी कोडी नि वेसच्या तळहातावर दही घालून खूण केली, तसे ते दोघं शेजारी शेजारी उभे राहून मुकाट ते चाटू लागले. मग माझ्या हातावर दही पडलं.

"सुखरूप परत ये," ती म्हणाली.

दही घेतल्यावर मागे कसं फिरायचं? मी मधल्या सीटवर जाऊन बसले, ती आणखी तीन वर्षं.

आईवर मी पुष्कळ दिवस चिडून होते. पण मी काही बोललेच नव्हते, तर तिला कळणार कसं?

आज मुलीने सवयीने हात पुढे केला. मी चमचा वाटीतच ठेवला.

"तुला जायचंय ना नक्की?"

 तिने हात हळूच मागे घेतला.