बेदाण्याची कंपनी

मी अमेरिकेला निघाले तेव्हा आबांच्या, माझ्या वडिलांच्या, हातांना फवारणीचं मोरचूद लागलं होतं. ऑक्टोबर छाटणीला महिना होत आला होता, वेलींवर घड दिसायला लागले होते आणि नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलं. द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको, आभाळ आलं की घरात लग्न असलं तरी फवारणी थांबत नाही. भाऊ गाडी घेऊन बांधावर उभा होता. आबा ट्रॅक्टरवरून उतरले, निळे हात अंगापासून लांब धरून माझ्यासमोर आले आणि कोपराने माझं डोकं जवळ ओढलं. "जा बाई. बागंला सोडून येता येत न्हाई बघ," एवढंच म्हणाले. मला राग आला होता. एक दिवस वेलींवर दावण्या रोग परवडला नसता का, असं मी गाडीत भावाला विचारलं. तो म्हणाला, "नसता."

आमचं गाव तासगावजवळ. तिथे द्राक्ष म्हणजे एकतर पेटीत भरून बाजाराला, नाहीतर शेडमध्ये रॅकवर वाळून बेदाणा. तिसरी वाट आबांना मान्य नव्हती. त्यांच्या धाकट्या भावाला दारूने नेलं होतं. त्या वर्षी आबांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. पुढे वाइनवाले गावात येऊन काळ्या जाती लावा, माल आम्ही उचलतो म्हणायला लागले, तेव्हा आबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "माझ्या बागंतला मणी लेकराच्या तोंडात जाईल, बाटलीत न्हाई," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं आहे की ते मला पाढ्यांसारखं पाठ आहे.

इकडे कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत मंदारची, माझ्या नवऱ्याची, सॉफ्टवेअरची नोकरी. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला कामाची परवानगी नव्हती. मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेऊन मी सात वर्षं पोळ्या लाटल्या, मुलीला शाळेत सोडलं, आणलं, पुन्हा सोडलं. माझ्यासारख्या ज्या आल्या त्यांना ही सात वर्षं समजावून सांगायला नकोत. ज्या तिकडे राहिल्या त्यांनी आमचे टाहो तळ्याकाठच्या बर्फातले फोटो लाइक केले आणि त्यांना वाटलं आमचं झकास चाललंय. आम्हीही त्यांना तसंच वाटू दिलं.

परवानगी आली तेव्हा माझ्या बायोडेटातलं भगदाड पाहून कुणी उभं करेना. शेवटी वरच्या डोंगरातल्या एका लहान वायनरीने सुगीपुरती लॅबमध्ये घेतलं आणि पुढे ठेवूनच घेतलं. मालकीण सत्तरीची, तिच्या आजोबांनी सिसिलीहून वेलींच्या काड्या आणलेल्या. शाळेत भूगोलाच्या बाईंनी घोकून घेतलं होतं, भूमध्य सागरी हवामान, हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा, मुख्य पिके द्राक्षे आणि ऑलिव्ह. त्या दोन ओळींत मला एक दिवस पगार मिळेल असं बाईंनाही वाटलं नसेल.

बाग पाहिली आणि मला रडू आलं. मांडव नाही, तारा नाहीत. कमरेएवढी जाड खोडं, एकेक वेल आपल्या पायावर उभी. ठिबकची नळी कुठेच नाही, हिवाळ्याच्या पावसावर वर्ष निघतं. ओळींमधलं गवत मेंढ्या खातात आणि खतही त्याच टाकतात. उंदरांसाठी औषध नाही, खांबांवर घुबडांना लाकडी घरटी बांधून दिलेली. आबा मास्क न लावता फवारायचे आणि खोकत जेवायला बसायचे, ते मला तिथे उभ्याउभ्या आठवलं. सुगीत मी मण्यांचा रस काढून गोडी मोजायची, सालीसकट आंबणाऱ्या लाल रसाची चव घेऊन थुंकायची. नखांतला जांभळा रंग आठवडा आठवडा जायचा नाही.

आबांना काय सांगायचं? मी सांगितलं, "बेदाण्याच्या कंपनीत लागले." तोंडातून निघून गेलं. मग ते गावभर झालं. पाच वर्षं सुगीत दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "गोडी किती भरली?" मी खरा आकडा सांगायची. तो ऐकून म्हातारा हरखून जायचा, असा माल तर तासगावातसुद्धा निघत नाही म्हणायचा. खोट्याला खऱ्या आकड्यांचा टेकू होता, म्हणून ते इतके दिवस उभं राहिलं. एकदा त्यांनी आमच्या कंपनीचा बेदाणा मागितला. मी सनीव्हेलच्या किराणा दुकानातून चार पाकिटं घेतली, साध्या पिशवीत ओतली आणि गावी जाणाऱ्या ओळखीच्या काकूंबरोबर पाठवली. आबांनी तो देवळात वाटला. "उन्हात वाळवता व्हय गं? काळा पडलाय. सावलीत वाळवा म्हणावं," एवढी सूचना मात्र मालकिणीसाठी आली.

आई गेल्यावर ते एकदाच इकडे आले, सप्टेंबरात. बाग बघायचीच म्हणाले. मी रविवार निवडला. कामगार नसतात, वायनरीला कुलूप असतं, नुसत्या वेली दाखवून आणू असा माझा हिशेब. पन्नास वर्षं वेलीत वावरलेल्या माणसाला नुसत्या वेली दाखवून फसवायला निघाले होते मी! अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

आधी ते खूश होते. मातीत बोटं खुपसून पाहिली. पाणी देत नाहीत हे दोनदा विचारून घेतलं. "घुबडाला कुणी घर बांधून देतं व्हय?" म्हणून हसले. मग एका घडाशी थांबले. घड गच्च, विरळणी केलेली नाही. मणी बारीक आणि काळेभोर. त्यांनी एक तोंडात टाकला, चावला, जाड साल आणि बिया तळहातावर काढल्या.

"ह्येचा बेदाणा न्हाई हुत," म्हणाले.

मग म्हणाले, "सांग."

मी सांगितलं. वर हेही जोडलं की आबा, मी पीत नाही, चाखून थुंकते. हे ऐकून त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

"मग तर आनिकच वंगाळ. पिणारा निदान सोताच्या जिवाशी खेळतुया." त्यांनी हात धोतराला पुसला. "श्येती लई चांगली केलीया ह्या लोकांनी. पर कशासाटी?"

घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून माझी मुलगी इरा म्हणाली, "मॉम, इज आबा अपसेट?" मी आरशात पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. आबा रागावले असते, ओरडले असते तर मी भांडले असते. सात वर्षं घरी बसले त्याचं काय, हे सगळं तोंडाशी आलं होतं. ते भांडण झालंच नाही.

ते परत गेले. रविवारचा फोन चालू राहिला, पण गोडी कधीच विचारली नाही. इराचा अभ्यास, मंदारची तब्येत, तिकडचं हवापाणी. तीन सुग्या अशा गेल्या. मीही आपणहून काही सांगितलं नाही. मनात धरून बसले होते की त्यांनी मला टाकलं. दर रविवारी फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडायची आणि मंदार यायच्या आत तोंड धुवायची.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी पोचले दहाव्याला. ओसरीवर माणसं बसलेली, त्यांत शेजारच्या बागेचे तात्या. त्यांनी मला जवळ बसवलं.

"तू त्या बेदाण्याच्या कंपनीत न्हवं? आबा लई कवतिक सांगायचा. औंदा तुमच्यात पाऊस लागला न्हाई, माल झ्याक वाळला, शेटाणीनं पगार वाडवला म्हणत हुता. दर साली सुगी झाली की पारावर बसून सांगायचा."

यातलं एक अक्षर मी आबांना सांगितलेलं नव्हतं. माळ घातल्यापासून तोलून बोलणारा माणूस तीन वर्षं पारावर बसून माझी सुगी रचून सांगत होता. मायेने सांगत होता, की लाज झाकत होता? मला कळलेलं नाही. विचारायचं कुणाला? भावाला विचारावं तर त्यालाही सगळं खरंच वाटत होतं.

लोक मला विचारतात, आता घर कुठलं, तिकडचं की इकडचं. इकडे मी खरी आहे. खरं नाव, खरं काम, नखांतला खरा रंग. पण घर म्हटलं की ती ओसरीच आठवते, जिथे मी यापुढे कधीच खरं बोलू शकणार नाही.

तात्या उत्तराची वाट बघत होते. "हो तात्या," मी म्हटलं, "बेदाण्याच्याच." कारण आता खरं सांगितलं असतं, तर खोटे आबा ठरले असते.