संत्र्याच्या सालींची ब्रँडी

सत्तरच्या दशकात मी खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहत होतो. शेजारच्या क्वार्टरमधला माझा इंजिनियर मित्र सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला फ्रान्सला जाऊन आला आणि आमच्या रविवारच्या बैठकीची मजाच गेली. बैठक तिघांची: तो, मी आणि नागपूरहून बसने येणारा एक मास्तर. परमिटवरची रम, खारे दाणे, उन्हं उतरेपर्यंत गप्पा. आता तो पेला हातात घेऊन म्हणायचा, "तिकडे साइडकार पेलो, गा. त्याच्यापुढे हे म्हणजे खोकल्याचं औषध."

"साइडकार फटफटीले लावतात," मास्तर म्हणाला.

ब्रँडी, लिंबाचा रस आणि संत्र्याची गोड दारू बर्फात घुसळायची, पेल्याच्या कडेला साखर लावायची, अशी कृती मित्राने सांगितली. ती दारू आमच्याकडे मिळणार कुठे? पण संत्री ढिगांनी होती. मी इरेला पेटलो. दोन डझन संत्र्यांच्या सालींचा पांढरा भाग खरवडून काढला, साली ब्रँडीत बुडवल्या आणि बरणी लोणच्यांच्या शेजारी ठेवली. "अहो, देवाच्या फुलांनाही वास येऊन राहिला," बायको रोज ऐकवायची.

महिन्याने गाळून, पाक घालून, दुधाच्या डब्यात बर्फाबरोबर घुसळून मी पेला मित्रापुढे केला. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, मान हलवली. "कडू." पुढच्या वेळी लिंबू जास्त. मग बर्फ चुकला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा साली, पुन्हा बरणी, पुन्हा तीच हलणारी मान. त्या मानेचा मला राग येऊ लागला.

पाचव्या खेपेला मास्तरने दोन पेले संपवले. मित्राने मात्र घोटभर घेऊन पेला खाली ठेवला. "ती चव नाही."

"मग ती कशी होती ते तरी सांग!" मी ओरडलो. "किती वेळा पेला होतास?"

"एकदा." तो खाली बघत होता. "शेवटच्या दिवशी. तोवर कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नव्हतं. मले त्यांची भाषा येत नव्हती. त्या दिवशी फोरमन बारमध्ये घेऊन गेला, त्यानंच मागवलं. माझं नाव पहिल्यांदा बरोबर घेतलं. चवीकडे लक्ष कुठं होतं, गा?"

हे ऐकून कोणाचाही राग निवळला असता. मी आणखी भडकलो. "मग दोन वर्षं मले काहून राबवलं?" म्हणत मी संत्र्याच्या दारूची अख्खी बाटली मोरीत ओतली. मास्तर अडवायला उठेपर्यंत ती रिकामी झाली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा रम आली. तोही आला, पण फ्रान्सचं नाव त्याने परत काढलं नाही. तो फोरमन कसा होता, त्या बारमध्ये आणखी काय झालं, मला विचारायचं होतं. पण कोणत्या तोंडाने विचारणार?

वर्षभरात त्याची बदली झाली. सामानाच्या ट्रकपाशी उभा राहून तो म्हणाला, "तुझी ती शेवटची साइडकार खरंच चांगली झाली होती."

"तेव्हा काहून नाही म्हटलं?"

"म्हणणार होतो. तू थांबलाच नाही."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो वर चढला आणि मी काहीतरी बोलायच्या आत ट्रक निघालासुद्धा.