टोपीतलं कार्ड

"ताई, रागावल्या का?"

माझ्या हाताखालची ती पोर दिवसातून दहादा विचारायची. मी नुसतं घड्याळाकडे पाहिलं तरी तिची कात्री थांबायची. मी मूळचीच तोंडाळ. "अगं, माझा चेहराच असा आहे," म्हणायचे. बायका हसायच्या, मग तीही हसायची आणि पुढचा घड उचलायची.

ओझरच्या पुढे आमचं पॅकहाउस. परदेशी जाणारी द्राक्षं डब्यांत भरायची, मी सुपरवायझर. डबी अर्धा किलोची झाली की तिच्या हाताला आधी कळायचं; काटा नुसता होकार द्यायचा. कुठली डबी कुणी भरली, तेही ती बघून सांगायची.

पण कुणी तुटक बोललं, की तोच हात परका व्हायचा. डबी कधी कमी, कधी जास्त. दोनदा सांगितलेलं डोक्यात शिरायचं नाही. आम्ही म्हणायचो, नाटकं करते. तुम्हीही असं कुणाला तरी पाहिलं असेल, आणि हेच म्हटलं असेल.

एकदा जेवताना तिनेच सांगितलं. "डॉक्टर बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी म्हणत्यात. डोकं चांगलं हाये म्हणे, पण मन पेटलं का चालत नाय. तेव्हा वाटतं, माझ्याशी कुणी कधी चांगलं बोललंच नाय. आठवतच नाय हो ताई."

म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून लोकांचे चांगले शब्द ती एका कार्डावर लिहून ठेवायची. कार्ड केस झाकायच्या टोपीत. बिथरली की बाहेर जाऊन वाचायची, आणि हात पुन्हा जाग्यावर यायचा. हे मला ठाऊक होतं.

तपासणीच्या दिवशी हॉलमध्ये कागदाचा कपटाही चालत नाही. त्या सकाळी मी तिच्या टोपीतलं कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"ताई, तेवढं राहू द्या ना."

"संध्याकाळी घे."

दुपारी तपासनिसाने तिची डबी सगळ्यांसमोर परत केली. तिचा हात टोपीकडे गेला आणि रिकामाच खाली आला. मी पाहिलं. पुढच्या पाच डब्या चुकल्या, तेव्हा मी ओरडले, "लक्ष कुठे आहे तुझं?"

या वेळी तिने काही विचारलं नाही. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

फोन उचलेना. रविवारी कार्ड घेऊन चांदवडला तिच्या बहिणीकडे गेले. जाताना ते वाचलं. शेवटची ओळ होती : 'ताई ओरडल्या तरी चहाला हाक मारतात.' बसमध्ये मला रडू आलं.

बहीण दारातच म्हणाली, "आत हाये. पण तुमी आता तिचं तोंडबी पाहणार नाय, असंच मनात धरून बसलीय. लय समजावलं."

मी दारातूनच मोठ्याने हाक मारली, "चहा झाला गं, चल!"

ती बाहेर आली नाही. कार्ड बहिणीच्या हातात देऊन मी परतले. माझं वागणं चुकलं होतं, आणि ते सांगायलाही ती समोर नव्हती.

ती परत कामावर आली नाही; यंदा तिच्या जागी दुसरी बसते. चांगली आहे, पण काट्यावर ठेवल्याशिवाय वजन सांगत नाही. चहाच्या वेळी मी एकेकीला नावाने हाक मारते. तिचं नाव अजूनही घेते. बायका मान खाली घालतात, कुणी हसत नाही.