आक्काच्या टाकीतला गुलाल

सकाळी साडेसातला शेजारच्या शोभाचा फोन आला, "मास्तर, आक्का दार उघडंनात." दुसरी किल्ली माझ्याकडं असायची. दोन गल्ल्यांचं अंतर, पायांत चप्पल न घालताच गेलो. आक्का पलंगावर कुशीवर झोपलेली, पांघरूण खांद्यापर्यंत, चष्मा उशीपाशी. हाक मारली, पुन्हा मारली... हाताला हात लावला तेव्हा कळलं. शोभा रडायला लागली. मला मात्र, खरं सांगतो, रडू यायच्या आधी एकच गोष्ट मनात आली. जिंकलीस, आक्का. तुझ्या घरात, तुझ्या पलंगावर गेलीस. याला आता पाच आठवडे झाले. मी असं का म्हणालो हे सांगायचं तर संडासाच्या टाकीबद्दल लिहावं लागेल. वाचकांनी नाक मुरडू नये. मीही मुरडलं होतं आणि त्याबद्दल भरपूर ऐकून घेतलं आहे.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव मुरगूड. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं, त्यामुळं मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो तरी तिच्या तोंडात शेवटपर्यंत दत्त्याच राहिलो. भावजी गेल्यावर ती कोल्हापूरच्या घरात एकटी राहायची. मुलगा संजू पुण्याला. गुणी पोरगा, पण आईच्या काळजीनं कायम धसका घेतलेला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानंच जुना संडास काढून कमोड बसवला, वर पांढरी फ्लशची टाकी. आक्काला ती टाकी कधी आवडली नाही. "बटन दाबलं की घागरभर पानी जातंय, मागं तांब्यात भागत हुतं," म्हणायची. पण गुडघा वाकत नव्हता, काय करणार.

सात वर्षांपूर्वी ती टाकी बिघडली. कमोडमध्ये पाण्याची धार लागली, बारीक, पण थांबायचं नाव नाही. आमच्याकडं नळाला पाणी एक दिवसाआड, आणि गच्चीवरची टाकी सकाळपर्यंत ठणठणीत कोरडी. मग आक्का अंगणातल्या हौदातनं बादली भरून लंगडत आत न्यायची. त्या बुधवारी ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. पडली नाही, दाराला धरलं; पण ते शोभानं बघितलं, आणि शोभानं बघितलं म्हणजे पुण्याला कळलं. संजूचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. "आई, आता बास. साधा संडास चालू ठेवता येत नाही, एकटी कशी राहणार तू? रविवारी गाडी घेऊन येतो, कपडे भरून ठेव." एरवी आक्का फोनवर असं बोलायची की दोन घरं सोडून ऐकू जावं. त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "चौदाव्या मजल्यावर ऱ्हात्यात रं ती. एकदा गेले की मी काय परत येत न्हाय."

प्लंबर येऊन गेला होता. त्यानं झाकणसुद्धा न काढता सांगितलं, पुरी टाकी बदला, उद्या येतो. तो उद्या गुरुवारी आला नाही. शुक्रवारी त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं. तेव्हा आक्कानं मला बोलावलं आणि म्हणाली, "काढ झाकण." माझं डोकं फिरलं. म्हटलं, आक्का, पस्तीस वर्षं शाळेत काढली मी, हेडमास्तर होतो, आता संडासाच्या टाकीत हात घालू? ती शांतपणे म्हणाली, "तुझं ढुंगान धुतलंय मी. घाल हात." घातला हात.

आत बघितलं तर फार काही नव्हतं. वर पाणी सोडणारा बॉल कॉक, त्याच्या दांडीला तरंगणारा फुगा, मध्ये जादा पाणी कमोडमध्ये सोडणारी एक उभी नळी, आणि तळाला भोकावर बसणारा काळा रबर. मी गणिताचा मास्तर, लगेच निदान केलं, बॉल कॉक गेला. जाऊन नवा आणला, दुपार खर्ची घालून बसवला. कमोडमध्ये धार होती तशीच. आक्का स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "पानी वरनं सांडतंय का खालनं गळतंय, हे आधी बघाय नको व्हय रं? पोरास्नी हेच शिकिवलंस?" उठली, माळ्याखालच्या कपाटातनं प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली. डब्यात गुलाल.

मी ओरडलोच, "देवाचा गुलाल संडासाच्या टाकीत?"

"देवाचा न्हाय, तुझ्या निवडनुकीचा हाय. ह्याला कशाचा ईटाळ?"

आता हेही सांगून टाकतो. त्याच वर्षी मी शिक्षकांच्या पतपेढीच्या निवडणुकीला उभा होतो. निकालाआधी गुलाल आणू नये, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मी अख्खं पोतं आणलं, आणि बायको बोलेल म्हणून आक्काकडं लपवून ठेवलं. पडलो. थोडाथोडका नाही, पार सपाटून. पुढं त्या पोत्याचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती, आणि आक्का तो डब्याडब्यानं भरून ठेवत होती हे मला माहीतही नव्हतं. तिनं चिमूटभर गुलाल टाकीत सोडला. पाणी उभ्या नळीच्या तोंडापेक्षा चांगलं चार बोटं खाली होतं, म्हणजे वरनं सांडायचा प्रश्नच नव्हता. पाच मिनिटांत कमोडमधलं पाणी गुलाबी झालं. "खालनं," आक्का म्हणाली. "रबर गेलाय. उगंच कॉक बदलत बसलास."

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. ती काठी टेकत, मी मान खाली घालून, कारण दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघेल ही भीती. सुदैवानं नव्हता. त्यानं विचारलं, "बोला पावणं, कुठल्या कंपनीची टाकी?" आक्कानं रुमालाची गाठ सोडून जुना रबर काउंटरवर ठेवला. "कंपनी काय माझ्या म्हायेरची हाय? ह्याच्या जोडीचा दे." त्यानं चार रबर काढले, तिनं चारी जुन्यावर ठेवून बघितले, एक उचलला. घरी येऊन बसवला. गुलाल टाकला. पुन्हा गुलाबी... फिकट, पण गुलाबी. मला वाटलं संपलं. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात तिच्या बॅगा भरायला घेतल्या होत्या. आक्कानं पाण्याचा कॉक बंद करायला लावला, टाकी रिकामी केली, बाही वर सारली आणि रबर जिथं बसतो ती कड बोटानं चाचपली. "खडबडीत लागतंय. हितं पान्याच्या खाराचा थर चढलाय, रबर टेकंल कसा?" स्वयंपाकघरातनं चिंचेचा गोळा आणला. देवाची तांब्याची भांडी ती चिंचेनंच घासायची. म्हणाली, "देवाची निघत्यात तर हे निघंना व्हय?" अर्धा तास आम्ही आळीपाळीनं ती कड घासली, तेव्हा कुठं ती काचेसारखी गुळगुळीत लागली.

रविवारी दहाला संजू आला. दारात बॅग नाही, काही नाही. तो म्हणाला, "आई, कपडे?" आक्का म्हणाली, "आधी च्या घे." त्याच्यासमोर तिनं टाकीत चिमूट सोडली आणि आम्ही तिघं बाहेर येऊन बसलो. अर्धा तास. संजूला काय चाललंय कळेना, मी सांगितलं. आक्काच्या कपातला चहा तसाच निवला. मग ती म्हणाली, "संजू, तूच बघून ये." तो गेला, आणि बराच वेळ आला नाही. आला तो म्हणाला, "पांढरं आहे." आईशेजारी टेकला. "बरं, राहा इथंच." एवढंच. आक्का उठली, डब्यात मूठ घातली आणि माझ्या तोंडाला गुलाल फासला, कपाळापासून कानापर्यंत. "घे दत्त्या. पोतं आनलं हुतंस न्हवं, लागलं कामी." मी त्या अवतारात गल्लीतनं घरी गेलो. लोक विचारत होते, मास्तर, कसली निवडणूक जिंकला? मी म्हणालो, मोठी.

पुढं गल्लीत कुणाचीही टाकी गळली की आधी आक्काला हाक. ती एका पिशवीत पक्कड, चिंच आणि गुलालाचा डबा घेऊन जायची, स्टुलावर बसून हुकूम सोडायची, आणि हात घालायला मी. तो प्लंबर तर रस्त्यात दिसला की तिला वाकून नमस्कार करायचा. सात वर्षं ती त्या घरात राहिली, भांडली, हसली. संजू दर महिन्याला यायचा आणि आल्याआल्या टाकीचा आवाज ऐकायचा. पाणी भरतं, भरतं, आणि टक्क होऊन थांबतं.

दिवसकार्य उरकल्यावर संजू घराला कुलूप लावायला थांबला होता. पाव्हणे गेले. मी पडवीत बसलो होतो, तो आत कुठं दिसेना. अर्ध्या तासानं आला. हात धुतले होते, पण नखांत गुलाबी राहिलं होतं. "मामा, थेंबसुद्धा नाही," म्हणाला, आणि मग लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, पाच आठवड्यांत तेवढाच. डबा त्याच्या हातात होता, तळाला मूठभर शिल्लक. आम्ही दोघं आतल्या खोलीत गेलो आणि तो सगळा गुलाल मी तिच्या फोटोला फासला, कपाळापासून कानापर्यंत.