परीक्षकाचा अभ्यास

विद्यार्थ्याने विषयाचा अभ्यास करावा हा जगातला सर्वांत बिनकामाचा सल्ला असून अभ्यास करायचा तो फक्त परीक्षकाचा, हे तत्त्व इतक्या निष्ठेने, इतकी वर्षं आणि इतक्या परक्या माणसांसाठी पाळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हे आमच्या घरमालकीणबाईंचे दीर. त्या त्यांना ‘भाऊजी’ म्हणायच्या, म्हणून मेलबर्नच्या वेरिबी उपनगरातल्या त्या घरात भाड्याने राहणारे आम्ही पाचही जण भाऊजी म्हणायचो. मागच्या खोलीतला लुधियानाचा हरप्रीतसुद्धा ‘भाऊजी, ब्रेड खतम हो गया’ असं सांगायचा. त्या वर्षांत मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांचा असा लोंढा आला होता की वेरिबीच्या ट्रेनमध्ये शिंक आली तर तीन भाषांत कुणीतरी शतायुषी भव म्हणायचं. प्रत्येकाची कसली ना कसली परीक्षा चालूच असायची. भाऊजींना असा सुकाळ कुठे मिळणार!

ते पुण्यात शाळामास्तर होते, बोर्डाचे पेपर तपासणाऱ्यांवर देखरेख करायचे. एकदा त्यांनी एकच उत्तरपत्रिका गुपचूप दोघांकडून तपासून घेतली. एकाने पोराला पास केलं, दुसऱ्याने नापास. त्या दिवसापासून त्यांचा निकालावरचा विश्वास जो उडाला तो कायमचा. पुढे थोरल्या भावाच्या मागोमाग ते ऑस्ट्रेलियात आले, टपालाच्या गोदामात पत्रं लावायचं काम त्यांनी वीस वर्षं केलं, लग्न केलं नाही, भाऊ गेल्यावर वहिनींच्या, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंच्या, सोबतीला त्याच घरात राहिले, पण मास्तरकी काही सुटली नाही. मी युनिची असाइनमेंट लिहायला बसले की ते चहाचा कप घेऊन यायचे आणि विषय-बिषय न विचारता थेट म्हणायचे, “नाशिककर, तपासणार कोण आहे?” मी नाशिकची म्हणून नाशिककर. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्यांच्याकडे दुरेघी वह्या होत्या, पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे होते, आणि त्यांत वेरिबीतला न्याय करणारा प्रत्येक जीव नोंदलेला होता. लायब्ररीतली कोणती बाई उशिराचा दंड माफ करते. ड्रायव्हिंग टेस्ट घेणाऱ्यांपैकी कोण गोलचौकात बघतो आणि कोण फक्त आरसे बघतो. हरप्रीत टेस्टला दोनदा आपटला होता. भाऊजींनी त्याला तिसऱ्या वेळी पढवून पाठवलं की टक्कल असलेला माणूस आला तर मान वळवून वळवून आरसे बघ, बाकी काही नको. टक्कलवालाच आला. हरप्रीतने मान इतकी वळवली की परत येईपर्यंत ती अवघडली होती, पण लायसन्स मिळालं. त्या संध्याकाळी घरात शिरा झाला आणि भाऊजी जरा ताठच चालत होते.

हे सगळं गमतीचं होतं, पण एका वहीला आम्ही कुणी हसत नसू. ती होती अपंगत्वाच्या पेन्शनची. वहिनींनी वेरिबीच्या दक्षिणेला भाजीच्या शेडमध्ये गार पाण्यात ब्रोकोली धुऊन पॅक करायचं काम वर्षानुवर्षं केलं होतं. संधिवाताने त्यांची बोटं वेडीवाकडी झाली, खांदे वर जाईनात, काम सुटलं. म्हातारपणाच्या पेन्शनला अजून काही वर्षं होती. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज केला तर सरकारी ऑफिसने तो फेटाळला. मग ट्रायब्युनल, म्हणजे अशी अपिलं ऐकणारं न्यायमंडळ. तिथे निकाल देणाऱ्याला जज नाही, मेंबर म्हणतात. पहिल्या सुनावणीला ज्या बाई मेंबर होत्या त्यांची कीर्ती भाऊजींनी आमच्या मराठी ज्येष्ठ मंडळात आधीच ऐकून ठेवली होती. “अहो, लोण्याचा गोळा आहे ती बाई!” म्हणत ते वहिनींच्या शेजारी कोट घालून बसले, आणि तिथून येतानाच पेढे घेऊन आले. तीन आठवड्यांनी लोण्याच्या गोळ्याने अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. पेढे तोवर आम्ही संपवले होते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आपलाच आडाखा चुकला. भाऊजींनी काढलेला निष्कर्ष असा, की आपली माहिती ऐकीव होती, आता स्वतः मोजलं पाहिजे. वहिनींचं अपील ट्रायब्युनलच्या वरच्या पायरीवर टाकलं, आणि तिथल्या सुनावण्यांना कुणालाही बसता येतं हे कळल्यावर त्यांनी आठवड्यातून तीन दिवस सिटीला जायला सुरुवात केली. कोट, टाय, डब्यात थालीपीठ, खिशात दोन पेनं. शेवटच्या रांगेत बसायचं, ऐकायचं, आणि पुढे त्या केसचा निकाल लागला की वहीत मंजूरला उभी रेघ, नामंजूरला आडवी रेघ. अनोळखी माणसांच्या पाठी, गुडघे, मनाचे आजार ऐकून ते घरी यायचे तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. तिथला सिक्युरिटीवाला त्यांना ‘मेट’, म्हणजे दोस्त, म्हणायचा. कारकुनांना वाटायचं हे वरून आलेले इन्स्पेक्टर आहेत. एकदा एका मेंबरने चष्म्यावरून बघत विचारलंच, आपण कोण? भाऊजी उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “पब्लिक.” त्या दिवशी मेंबरने दोन्ही बाजूंना जरा जास्त वेळ बोलू दिलं म्हणे.

वर्षभरात त्यांनी मेंबरांची तीन जातींत वाटणी केली: मऊ भात, मोकळा भात आणि कच्चा भात. मी स्टॅटिस्टिक्स शिकत होते, तोंडाला आवर नव्हता. मी म्हटलं, “भाऊजी, नुसत्या रेघा मोजून काय होतं? कुणाकडे कसल्या केसेस येतात ते नको का बघायला? कच्च्या भाताकडे कागदपत्रं नसलेलीच माणसं गेली असतील तर?” दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी छापील निकालांचा गठ्ठा माझ्यासमोर आपटून म्हणाले, “हं, बघ. तूच बघ.” मी बघितलं, आणि खरं सांगते, माझी घमेंड उतरली. सारखीच पाठ, सारखंच दुखणं, डॉक्टरचं पत्र जवळजवळ शब्दाला शब्द, आणि तरी मऊ भाताकडे गेलेल्या माणसाला पेन्शन आणि कच्च्याकडे गेलेल्याला नकार, असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सगळ्याच केसेस अशा नव्हत्या, माझा मुद्दाही थोडाफार खरा होता, पण त्यांचा जास्त खरा होता. एखाद्याचं म्हातारपण कुठल्या खोलीचं दार उघडतं त्यावर ठरावं, याचा मला फार संताप आला. भाऊजी मात्र समजूत काढल्यासारखे म्हणाले, “अगं, तपासणारा माणूसच असतो. फक्त तो आपल्याला आधी माहीत पाहिजे.”

आणि वहिनींच्या वरच्या सुनावणीचं पत्र आलं. मेंबरचं नाव वाचून भाऊजी मटकन खुर्चीत बसले. कच्चा भात! त्यांच्या वहीतला सर्वांत कच्चा. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. जरा वेळाने म्हणाले, “वहिनी, तुम्ही त्या दिवशी आजारी पडा. तारीख बदलून मिळेल, दुसरा कुणी येईल.”

“आजारी आहे म्हणून तर चाललेय ना हो!” वहिनी म्हणाल्या. “आता त्यासाठी वेगळी आजारी कशी पडू?”

मग भाऊजी आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कच्च्या भाताचे सगळे निकाल मांडून बसलो. आठवडाभर रोज दुपारी वाचले. हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. हा माणूस डॉक्टरांच्या पत्रांपेक्षा समोरच्याच्या स्वतःच्या उत्तरांना धरायचा. ‘अर्जदार स्वतः सांगतात की त्यांचं ठीक चाललं आहे,’ हे वाक्य त्याच्या नकारांत सारखं भेटायचं. मी सहज विचारलं, “भाऊजी, वहिनींच्या पहिल्या निकालात काय लिहिलं होतं?” ते गोंधळले. जगभराचे निकाल अक्षरन्‌अक्षर वाचणाऱ्या या माणसाने घरातल्या निकालाचं फक्त शेवटचं पान बघितलं होतं. फेटाळला, एवढं. बाकीचं त्यांच्याने वाचवलंच नव्हतं.

मी वाचून दाखवलं. वहिनींनी त्या प्रेमळ बाईंना सांगितलं होतं की घरातल्या सात माणसांचा स्वयंपाक मी करते. पोळ्या मी लाटते. माझं सगळं मी करते, नो वरीज. आता पोळ्या कोण लाटतं हे घरात कुणाला माहीत नव्हतं? पहाटे भाऊजी लाटायचे, वहिनी शेजारी स्टुलावर बसून ‘जरा पातळ’ म्हणायच्या, आणि आम्ही छान झाल्यात म्हटलं की ‘आज जरा कणीक बरी मिळाली’ असं वहिनीच उत्तर द्यायच्या. आपल्याकडच्या बायकांचं हे असंच असतं. हात मोडला तरी स्वयंपाक माझाच, आणि कसं काय विचारलं की बरं चाललंय. माझी आई ताप अंगात असताना फोनवर मजेत असते.

“लोण्याच्या गोळ्याने तरी काय करायचं?” मी म्हटलं. “कोऱ्या पेपरला मार्क द्यायचे?”

भाऊजी अगदी हळू म्हणाले, “कोरा नव्हता गं. मी शेजारी बसलो होतो. दिरासमोर त्या काय सांगणार?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “सुनावणीला तू जा त्यांच्याबरोबर. मी आत येत नाही.”

शेकडो परक्यांच्या सुनावण्या ऐकलेला तो माणूस त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसला. कच्चा भात दिसायला साधा होता, बारीक, सर्दी झालेला. त्याने एकेक विचारायला सुरुवात केली. कपडे कोण धुतं, भाजी कोण चिरतं. वहिनी पहिल्यांदा हसल्या, “नो वरीज, आय मॅनेज” म्हणाल्या. मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला. मेंबरने मान वर न करता पुढचं विचारलं, तुमचे हात डोक्यापर्यंत जातात का, केस कोण विंचरतं?

वहिनींनी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. मग त्यांनी आपल्या वाकड्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “माय ब्रदर-इन-लॉ. एव्हरी मॉर्निंग. आय कॅन नॉट लिफ्ट.” पुढे म्हणाल्या, “ही इज अ गुड मॅन. ही मेक्स व्हेरी बॅड प्लॅट.” प्लॅट म्हणजे वेणी. आणि त्या रडायला लागल्या. मी तीन वर्षं त्या घरात राहत होते, मला याचा पत्ता नव्हता. कच्च्या भाताने पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाला, घाई नाही, सगळं सांगा. मग वहिनींनी सगळं सांगितलं. ब्लाउजची बटणं, बाथरूमचा नळ, पोळ्या, सगळं.

बाहेर आल्यावर भाऊजी उठून उभे राहिले. “काय म्हणाल्या?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “खरं सांगितलं.” त्यांनी मान डोलावली. ट्रेनमध्ये दोघांच्या मध्ये मला बसवून ते वेरिबीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

पेन्शन मंजूर झाली. पत्र हरप्रीतने मोठ्याने वाचलं आणि वहिनींना घरभर नाचवायला निघाला, तेव्हा भाऊजीच ओरडले, “अरे, खांदा!” त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालायला निघाले तर समोरच्या ओट्यावर, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसल्या होत्या आणि मागे भाऊजी उभे. हातात कंगवा, तोंडात रबर. मला बघून त्यांचे हात थांबले. “घाला हो भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “आता कोणाची चोरी?” त्यांनी तोंडातलं रबर काढून शेवटचा पेड घातला. वेणी खरंच फार वाईट होती.

भाऊजींना जाऊन आता चार वर्षं झाली. वहिनी पर्थला लेकीकडे असतात. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर बघते तो केस अगदी मानेपर्यंत कापलेले. मी म्हटलं, “अहो वहिनी, हे काय! वेणी घालायला कुणी नाही का तिकडे?”

“तसं नाही गं,” वहिनी म्हणाल्या. “नात घालते, ती मदतीला येते ती मुलगीही घालते. दोघी फार छान घालतात. मला ते नको वाटायला लागलं.”